छपरावरची सहा वेटोळी

खोली दाखवायला नेलं तेव्हा घरमालकांनी सगळ्यात आधी मोरीतला नळ पूर्ण सोडला. मी आणि आई दारातच उभ्या. खिडक्या किती, वारा येतो का, पावसात भिंतीला ओल धरते का, हे आईचे प्रश्न तोंडातल्या तोंडात राहिले. ते धारेखाली तळहात धरून उभे होते, डोळे मिटलेले.

"खोलीचं मागाहून बघा, वयनी. आधी प्रेशर बघा."

आईनेही मग धारेखाली हात धरला. न धरणं बरं दिसलं नसतं.

कांदिवलीच्या एका जुन्या गावठाणातलं ते घर. वर ते एकटे, खाली आम्ही दोघी. मागे थोडी मोकळी जागा, तिला ते अजून वाडी म्हणायचे. तिथे एक विहीर, पत्र्याची एक शेड, आणि त्यांच्या वडिलांनी भाजीला पाणी द्यायला बांधलेलं सिमेंटचं टाकं. भाजी कधीच गेली होती. टाक्यात तीन बदकं राहायची.

आम्ही त्यांना अंकल म्हणायचो, सगळं गावठाणच म्हणायचं. ते तिथल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातले. त्यांच्या बोलण्यात 'मला-तुला'चं 'मना-तुना' व्हायचं. आई देवगडकडची, तिचं 'माका-तुका'. दोघं तावातावाने बोलायला लागली की मधल्यामध्ये मी दुभाषी.

ट्रॉम्बेला त्यांनी तीस वर्षं पाईपफिटरची नोकरी केली होती. मी एकदा विचारलं, "तिथे पाईपांतून काय जायचं हो?"

"पाणी."

"नुसतं पाणी?"

"पाणी कधी नुसतं नसतं," एवढं बोलून ते बदकांकडे गेले. तीस वर्षांच्या नोकरीबद्दल याहून जास्त मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नाही.

शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा. काही सुचलं की समोरची भिंत हीच त्यांची वही. कुणाच्या घरी गेले की 'कसे आहात' विचारायच्या आधी मान तिरकी करून वरच्या टाकीचा आवाज ऐकायचे. एका भाचीच्या लग्नात केक कापायच्या वेळी ते कुठे सापडेनात. शेवटी हॉलच्या मागच्या बेसिनखाली सापडले, अंगात सूट, तोंडात वायसर. "टपटप चालली होती," ते म्हणाले, "कुणाला ऐकूच येत नाय इथे."

दीड वर्ष झालं त्यांना जाऊन. गावठाणात त्यांची आठवण निघाली की लोक बेसिनची गोष्ट सांगतात आणि हसतात. मीही हसते. पण मला दुसरंच काही सांगायचंय.

माझं तिसावं वर्ष सरलं होतं तेव्हा. अंधेरीला एका कुरिअरच्या ऑफिसात नोकरी. दिवाळीच्या जरा आधी पोट बिघडलं, साधे जुलाब. त्यातून उठते न उठते तोच पाय जायला लागले. पहिल्या दिवशी चप्पल पायात राहीना, दुसऱ्या दिवशी स्टेशनचा जिना चढवेना, तिसऱ्या दिवशी आईने मला उचलून रिक्षात घातलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, दोन परदेशी आडनावांचं. आईने ते कधीच उच्चारलं नाही, 'नसांचा आजार' एवढंच. श्वास वाचला, जीव वाचला. महिन्याभराने घरी आले ती प्लास्टिकच्या खुर्चीत. मांड्यांत थोडी ताकद होती, गुडघ्यांखाली जवळपास काही नव्हतं. हाताची बोटं हलायची, पण जाड मोजे घातल्यासारखी. गरम-थंड कळायचं नाही. एकदा चहाचा पेला धरून बसले होते. आई ओरडली तेव्हा पाहिलं, बोटं लाल झाली होती.

फिजिओथेरपीची एक मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. ती आईला सांगत होती, "कोमट पाण्यात व्यायाम केला ना काकी, तर पायांवर वजन येत नाही. लवकर फरक पडतो. असा पूल आहे एका हॉस्पिटलात, पण रोज टॅक्सीत घालून नेणं तुम्हाला जमणार कसं?"

वरच्या गॅलरीतून आवाज आला, "कोमट म्हणजे किती?"

मुलगी दचकली. वर बघत म्हणाली, "तेहतीस डिग्री, अंकल."

"पाणी कुठपर्यंत पायजे?"

"छातीपर्यंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत बदकांचा आरडाओरडा. तिन्ही टाक्याबाहेर उभी, आणि अंकल आत उतरून ब्रशने तळ घासत होते.

आईला वाटलं, मोठ्या हंड्यात पाणी तापवून टाक्यात ओतायचं असेल. तिने तयारीही दाखवली. अंकलनी भिंतीवर खडूने हिशेब मांडला, किती हंडे लागतील त्याचा. आकडा बघून आईने हंडा परत मोरीत नेऊन ठेवला. मोठा गीझर लावावा तर घराची वायरिंग त्यांच्या वडिलांच्या काळातली. मग ते शेडच्या छपराकडे बोट दाखवून म्हणाले, "हा पत्रा सकाळपासून तापतो नि कुणाच्या कामाला येत नाय."

चार दिवसांत काळ्या प्लास्टिकच्या पाईपचं एक भलंमोठं भेंडोळं रिक्षातून आलं. त्यांचा बेत सोपा होता. टाक्यातलं पाणी पंपाने छपरावर चढवायचं, काळ्या पाईपातून उन्हात फिरवायचं, तापलं की परत टाक्यात सोडायचं. दिवसभर तेच. संध्याकाळी टाकं झाकायला थर्माकोल आणि वर कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. तो पुढारी हात जोडून आमच्या टाक्यावर हसत असायचा.

पहिल्या दिवशी सगळा पाईप एकाच लांबच लांब वेटोळ्यात होता. पंप सुरू केला. आम्ही दोघी पाईपच्या टोकाकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने पाणी आलं, ते तान्ह्या बाळाने शू करावी एवढं.

"गरम आहे पण!" आई म्हणाली, त्यांना बरं वाटावं म्हणून.

"गरम हाय, पण कधी भरणार वयनी? ईस्टरला?" ते चिडले नव्हते. पाईप हातात घेऊन म्हणाले, "एवढ्या लांबून, एवढ्या बारीक वाटेने येतंय. दमतंय बिचारं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाईप कापून त्याची सहा वेटोळी केली. सहाही शेजारी शेजारी, एकाच जाड पाईपातून पाणी घेणारी. त्यांची सहा टोकं शेडच्या भिंतीवरून खाली आणली, अगदी माझ्या खुर्चीशी, हात पुढे केला की लागतील अशी, आणि तिथून टाक्यात सोडली. ती नेमकी तिथेच का आणली, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

"तू आता इथे बसायची," ते म्हणाले. "मी वर असणार. खाली माणूस पायजे."

माझ्याकडे दोन कामं आली. पहिलं, बादली किती वेळात भरते ते मोजायचं. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं, हवंही नव्हतं. ते त्यांच्या रोजच्या प्रार्थनेने मोजायचे. धार चांगली असेल तर तीन प्रार्थनांत बादली भरायची. मी मोबाईल दाखवला तर म्हणाले, "तो बंद पडला तर? प्रार्थना बंद पडत नाय." मग मीही ती पाठ केली. मी पुटपुटताना ऐकून आई जरा घाबरली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः आरती म्हणून मोजायचा प्रयत्न केला. पण आरतीला टाळ्या लागतात, त्यामुळे बादली भरून वाहिली तरी तिला पत्ता नाही.

दुसरं काम, दर तासाने सहाही पाईपांना एकेक करून हात लावायचा आणि सांगायचं, कुठचा थंड.

"मला कळत नाही अंकल, गरम-थंड."

"ठीक हाय. लाव हात."

मी लावायचे. काही कळायचं नाही. ते खडूने भिंतीवर लिहायचे, 'नाय'. मग स्वतः हात लावून बघायचे. पाणी जास्त तापलेलं नाही ना, हे माझ्या आधी त्यांनी पाहिलेलंच असायचं. दिवसातून पाच-सहा वेळा 'नाय'. आठवड्यात भिंत भरली.

सहा वेटोळ्यांनी सकाळी धार मस्त यायची. पण अकरा वाजले, पाणी जरा कोमट झालं, की धार बारीक. तीन प्रार्थनांची बादली सातवर जायची. पंप बंद करून तासाभराने परत लावला की पुन्हा छान, पुन्हा बारीक. अंकलनी गाळणीतून बदकांची पिसं काढली. सांधे उकलून परत बसवले. पंप खोलून अंगणात मांडला. दिवसभरात किती वेळा शिडी चढले-उतरले त्याची गणती नाही. असे नऊ-दहा दिवस गेले. फिजिओच्या मुलीने दिलेल्या थर्मामीटरवर टाक्यातलं पाणी काही तेहतिसाला पोचेना. थंडीही नेमकी त्याच वर्षी रेंगाळली होती.

एक दिवस माझा बांध फुटला. "बंद करा हो हे सगळं," मी ओरडले. "मला नाही जायचं त्या टाक्यात. मी नाही चालणार आता, मला माहितीये. तुम्ही उगाच..." आणि रडायलाच लागले. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

मला वाटलं अंकल डोक्यावरून हात फिरवतील. त्यांनी रिकामी बादली माझ्या पायाशी ठेवली.

"रड," ते म्हणाले. "पण मोजत रड. धार आता बारीक होईल."

आणि शिडीवर चढले. मला इतका राग आला की मी खरंच मोजायला लागले. त्यांच्याकडे बघायचं नव्हतं म्हणून खाली बघत होते. पंपाकडे टाक्यातून जो हिरवा पाईप येत होता, बागेला पाणी घालतात तसला मऊ, त्याच्याकडे माझी नजर गेली. तो गोल नव्हता. मधोमध चपटा झाला होता, बसकट, चघळून टाकलेल्या उसासारखा.

"अंकल! हा हिरवा पाईप असा का झालाय?"

"कसा?"

"बसलाय. कुणी पाय दिल्यासारखा."

ते खाली आले. वाकून बघितलं. पंप बंद केला, पाईप हळूहळू फुगून गोल झाला. पंप लावला, परत चपटा. त्यांनी कपाळावर हात मारला. पंप त्या बाजूने पाणी ओढून घेतो. पाणी गार असेतोवर पाईप ताठ राहायचा. कोमट झालं की प्लास्टिक नरम पडायचं, पंपाच्या ओढीने आतल्या आत मिटायचं, आणि पाण्याची वाटच बंद.

"दहा दिवस मी छपरावर शोधतो," ते म्हणाले, "नि दुखणं खाली तुझ्या पायाशी! सकाळी गोल असतो ना, म्हणून फसलो." मग आईकडे वळून मोठ्यांदा, "वयनी, पोरीने पकडला! मना नाय दिसला, हिना दिसला!"

आई म्हणाली, "रडता रडता?"

"रडताना माणूस खाली बघतो. बरं असतं कधीकधी."

त्याच दुपारी जाड, कड्या-कड्यांचा ताठ पाईप आला. संध्याकाळी बादली तीन प्रार्थनांत भरत होती.

पाणी आता रोज थोडं थोडं चढायला लागलं. पण एकोणतीसच्या पुढे अडलं. "सहातला एखादा झोपलाय," अंकल म्हणाले. कुठल्यातरी वेटोळ्यात हवा अडकली असणार. तसं झालं की त्यातलं पाणी पुढे सरकत नाही. वर उन्हात तो पाईप भाजत पडतो आणि खाली, माझ्या बाजूला सावलीत, त्याचं टोक थंडगार. मात्र हवा एका जागी राहत नव्हती. आज दुसऱ्यात, उद्या पाचव्यात. म्हणून दर तासाला हात लावणं चालूच. भिंतीवर 'नाय' चालूच.

"तुम्हाला कळतं ना हात लावून? मग मला कशाला विचारता?" मी एकदा म्हणाले.

"मना वर जायचं असतं."

हे काही उत्तर नव्हतं, पण त्यांना तेवढंच पुरायचं.

त्या दिवशी दुपारचे दोन वाजले असतील. आई तांदूळ निवडत बसली होती. मी सवयीने पहिल्या पाईपावर बोटं ठेवली, मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. चौथ्यावर ठेवली आणि थांबले. परत तिसऱ्यावर. परत चौथ्यावर. सांगता येत नव्हतं नीट. दोन्ही सारखे नाहीत, एवढंच. जाड पडद्यामागून कुणीतरी हाक मारावी तसं.

"चौथा," मी म्हणाले.

"चौथा काय?"

"थंड आहे."

अंकलनी चौथ्याला हात लावला नाही. ते तसेच शिडीकडे गेले, नेहमीपेक्षा हळू. वर पत्रा करकरला. मग त्यांचा आवाज आला, असा की शेजारची बाई खिडकीत आली.

"चौथाच! चौथा भाजतोय इथे! बाय, चौथाच!"

त्यांनी वर त्या वेटोळ्याचं हवा सोडायचं टोपण सैल केलं. फुस्सकन हवा गेली, पाणी उचकी लागल्यासारखं गुडगुडलं. "हात काढू नको!" ते वरून ओरडले, मग लगेच, "नाय नाय, काढ! पहिलं पाणी कडक येईल, काढ हात! आता मोज एक प्रार्थना. हां. आता लाव."

मी लावला. तो पाईप माझ्या बोटांखाली ऊबदार झाला. आधी थोडा, मग नीट. मला ते कळत होतं. आई तांदळाचं सूप तसंच घेऊन उभी राहिली होती. म्हणाली, "खरांच कळता तुका?" मी नुसती मान हलवली.

अंकल खाली आले, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "हवा होती."

भिंतीवर 'हाय' लिहिलं. खडू मोडला तेवढ्यात.

चार दिवसांनी पाणी तेहतिसाला आलं. पण माझ्या आधी ते स्वतः उतरणार हा त्यांचा नियम होता. पंपाचा प्लग भिंतीतून काढून, वायरीचं ते टोक माळेसारखं गळ्यात घालून, "आता कुणाचा बाप पंप लावू शकत नाय," असं जाहीर करून, हाफ पॅन्ट आणि बनियनवर ते टाक्यात उतरले आणि गुडघ्यांत वाकून गळ्यापर्यंत पाण्यात राहिले. आईने तोंड फिरवलं आणि पदराआड हसत सुटली. पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाले, "जा. बरोबर हाय."

फिजिओच्या मुलीने आणि आईने मला आत घेतलं. ते पाणी अंगाभोवती आलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझे पाय अजून माझ्यापाशी आहेत. मुलगी म्हणाली, "उजवा पुढे टाक." मी टाकला. पाण्यात तो अलगद गेला, तळाला टेकला, आणि टिकला. कडेला तीन बदकं आमच्याकडे रागाने बघत होती. अंकल पाठ करून भिंतीवर काहीतरी लिहीत होते. बऱ्याच वेळाने मी बघितलं तर त्यांनी काही लिहिलंच नव्हतं.

मी त्यांना थँक्यू म्हणाले तेव्हा ते भडकले. "मना काय थँक्यू? मी काय केलं? पाणी वर नेलं नि खाली आणलं. आयुष्यभर तेच केलं मी." आणि बदकांना हाकलायला लागले, ज्यांनी काही केलं नव्हतं.

फेब्रुवारीत मी टाक्यात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चालले. मार्चमध्ये काठी घेऊन अंगणात. गावठाणातल्या दोन म्हाताऱ्या गुडघे शेकायला येऊन बसू लागल्या, त्यांना अंकल ओरडायचे आणि त्यांच्यासाठी टाक्याला पायरीही त्यांनीच बांधली. एप्रिल उजाडला तसं टाकं आपोआपच तापायला लागलं. ते म्हणाले, आता छपरावरचं काढून ठेवतो, उन्हाने पाईप कडक होतील.

"थांबा," मी म्हणाले. "आधी मला बघायचंय."

इतके महिने मी त्या सहा वेटोळ्यांची टोकं धरून बसले होते, पण वरचं काही मी पाहिलंच नव्हतं. फिजिओच्या मुलीने मला जिना चढायची मोकळीक दिली होती. शिडीबद्दल तिला मी विचारलं नाही. अंकलनी दोन्ही हातांनी शिडी धरली. मी चढायला लागले. आई दारातून ओरडली, "अगो उतर! पडशीत! अंकल, तुमी तरी सांगा तिका!"

"नाय सांगणार," ते म्हणाले. "पाय तिचे हायत."

सहा पायऱ्या. सातवीवर मी पत्र्यावर हात टेकले आणि वर आले.

मला वाटलं होतं तसं नीटनेटकं काही नव्हतं तिथे. वेटोळी वेडीवाकडी, ठिकठिकाणी कापून जोडलेली. कुठे सुटावरच्या जुन्या टायने बांधलेली, कुठे सुतळीने, कुठे चादरीच्या काठाने. पत्र्याच्या धारेने पाईप कापला जाऊ नये म्हणून प्रत्येकाखाली गोणपाटाची घडी. चौथ्या वेटोळ्याच्या टोपणाशी सगळ्यात जास्त जोड. आणि तिथेच, पत्र्याच्या दोन पन्हळी चपट्या झाल्या होत्या. शेजारी शेजारी दोन खळगे, वाटीएवढे.

मी त्या खळग्यांवरून बोटं फिरवली.

"अंकल," मी वरून विचारलं, "तुम्ही इथे गुडघ्यांवर बसायचात?"

"मग काय उभा राहू? पत्रा फाटेल."

"उन्हात? रोज?"

डोकावून पाहिलं तर ते शिडी घट्ट धरून जमिनीकडे बघत होते. वरून त्यांचं टक्कल दिसत होतं, कानांमागे उन्हाने रापलेलं. बहात्तर वर्षांचा माणूस. सकाळी चर्चमध्ये जाताना त्यांना पायऱ्यांच्या कठड्याचा आधार लागायचा.

मी हळूच वाकले. आधी डावा गुडघा, मग उजवा. दोन्ही वाकले, दोन्हींनी माझं वजन घेतलं. पत्रा चांगलाच तापला होता, सलवारीतून चटका बसत होता, आणि तो मला नीट कळत होता. त्या दोन खळग्यांत गुडघे ठेवून मी तशीच बसले. खाली आई विचारत होती, "काय करता गो ती वर?"

"बसू दे तिना," अंकल म्हणाले. "मी शिडी सोडत नाय."